गाडीच्या एसीचा ब्लोअर आवाज करतो आणि हवा कमी येते : दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

उन्हाळा चढू लागला की गाडीच्या एसीबद्दल एक जोडतक्रार हमखास ऐकू येते. डॅशबोर्डामागून घरघर, शिट्टी किंवा खडखड येते आणि पंख्याचा नॉब चारवर नेला तरी हवा पूर्वीसारखी लागत नाही. अशी गाडी दुकानात नेली की पुष्कळदा आधी गॅस तपासला जातो, थोडा भरला जातो, आणि आठवडाभराने तक्रार जशीच्या तशी उरते. याचे कारण साधे आहे. बाहेर पडणारी हवा किती थंड असेल हे गॅस ठरवतो. ती किती जोराने येईल हे ब्लोअर आणि हवेचा मार्ग ठरवतात. कूलिंग कॉइलवर बर्फ जमण्याचा एक अपवाद सोडला, तर गॅस कमी झाल्याने हवेचा जोर कमी होत नाही. म्हणून या तक्रारीचा तपास हवेच्या वाटेने करावा लागतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग गाडीचा मालक घरच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करू शकतो.

पुढील विवेचन मुख्यतः आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅक गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे : हाताने फिरवायचा चार वेगांचा नॉब, ग्लोव्ह बॉक्समागे बसवलेला ब्लोअर आणि १२ व्होल्टची साधी मोटर. स्वयंचलित क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाड्यांत वेग बदलण्याची व्यवस्था वेगळी असते, तरी हवेची वाट तीच असल्याने बहुतेक पायऱ्या तिथेही लागू पडतात. परदेशात डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेली गाडी वापरणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की ब्लोअर बहुधा ड्रायव्हरशेजारच्या आसनापुढे, म्हणजे त्यांच्या गाडीत उजवीकडे सापडेल.

हवेची वाट आधी समजून घ्यावी

बाहेरची हवा पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीतून आत शिरते. रिसर्क्युलेशनचे बटण दाबले की एक झडप ती वाट बंद करते आणि हवा गाडीच्या आतूनच, डाव्या आसनाच्या पायांपुढच्या भागातून ओढली जाते. दोन्ही वाटा ब्लोअरच्या तोंडाशी एकत्र येतात. केबिन फिल्टर, ज्याला बरेच मेकॅनिक एसी फिल्टर म्हणतात, काही गाड्यांत ब्लोअरच्या आधी असतो, तर काहींत ब्लोअर आणि कूलिंग कॉइल यांच्या मध्ये. त्यानंतर हवा कॉइलमधून जाते, हीटरच्या बाजूने किंवा त्यातून वळते आणि मोड बदलणाऱ्या झडपा तिला काचेकडे, तोंडाकडे किंवा पायांकडे पाठवतात. बाहेरची हवा चालू असताना तितकीच हवा गाडीतून बाहेरही पडावी लागते, आणि त्यासाठी मागच्या बंपरच्या आड एकतर्फी पडद्यांच्या खिडक्या असतात. या शेवटच्या टोकाचा विचार फार थोडे लोक करतात.

ब्लोअरचा पंखा घरातल्या छताच्या पंख्यासारखा नसतो. तो पिंजऱ्यासारखा गोल असून मधून हवा ओढतो आणि कडेने फेकतो. या पंख्याचा एक गुणधर्म तपासात अत्यंत उपयोगी ठरतो. त्याच्यापुढची किंवा मागची वाट तुंबली तर त्याला हवा हलवण्याचे काम कमी उरते. त्यामुळे मोटरवरचा भार घटतो, ती अधिक वेगाने फिरू लागते आणि विजेचा प्रवाह कमी घेते. म्हणजे वाट अडली असेल तर आवाज चढा आणि तीक्ष्ण होतो, पण हवा मात्र येत नाही. उलट मोटरच जड झाली असेल किंवा तिला वीज पुरेशी मिळत नसेल, तर आवाज खालच्या पट्टीत राहतो आणि पंखा थकल्यासारखा फिरतो. आवाज वाढून हवा कमी होणे आणि आवाज मंदावून हवा कमी होणे या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. हा एक भेद नीट ओळखता आला की अर्धे काम झाले असे मी मानतो.

आवाज नेमका कुठला, हे इंजिन बंद ठेवून ठरवावे

चावी ऑनवर आणावी, पण इंजिन सुरू करू नये. बटणाने सुरू होणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दोनदा दाबले की हीच स्थिती येते. खिडक्या बंद कराव्यात, रेडिओ बंद करावा आणि ब्लोअर एकपासून चारपर्यंत प्रत्येक वेगावर अर्धा-अर्धा मिनिट चालवून ऐकावे. पूर्ण वेगावर ब्लोअर साधारण १२ ते २० अँपिअर प्रवाह घेतो, तेव्हा छोट्या बॅटरीवर हा प्रयोग पाच-दहा मिनिटांपलीकडे लांबवू नये. इंजिन बंद असताना आवाज येतच नसेल आणि इंजिन सुरू करून एसी लावल्यावर, अॅक्सिलरेटर दाबल्यानुसार तो वाढत असेल, तर दोष ब्लोअरचा नसून बेल्ट, पुली किंवा कॉम्प्रेसरकडचा आहे आणि हा तपास तिथेच थांबवावा.

आवाज ब्लोअरचाच आहे असे ठरले की त्याची जात ओळखावी. पंख्याच्या वेगाबरोबर जलद होत जाणारी टिकटिक किंवा फडफड म्हणजे आत पान, काडी किंवा फिल्टरचा तुकडा अडकला आहे. गुलमोहर आणि चिंच यांच्या पाकळीएवढ्या पर्णिका काचेखालच्या जाळीतून सहज आत जातात, आणि मार्च-एप्रिलमध्ये काटेसावरीचा कापूसही उडून येतो. अशा झाडांखाली रोज उभ्या राहणाऱ्या गाडीत हा आवाज प्रथम संशयाचा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना चीं-चीं करून दोन-चार मिनिटांत थांबणारा आवाज बहुधा मोटरच्या सुकलेल्या बुशचा (मोटरचा आस ज्यात फिरतो त्या कडीचा) असतो, आणि खड्ड्यातून जाताना किंवा वळणावर तो क्षणभर बदलत असेल तर शंका जवळजवळ पक्की होते. तिसऱ्या-चौथ्या वेगावर संपूर्ण डॅशबोर्ड थरथरवणारी घुमघुम ही पंख्याचा तोल गेल्याची खूण आहे. सतत खरखर घासल्याचा आवाज आला तर पंखा त्याच्या प्लास्टिकच्या घराच्या, म्हणजे आवरणाच्या, भिंतीला टेकतो आहे. लांब शिट्टी बहुतेकदा अडलेल्या वाटेची. याशिवाय एक फसवा आवाज आहे : एसी सुरू-बंद करताना किंवा मोड बदलताना डॅशबोर्डाच्या आतून काही सेकंद कट-कट-कट ऐकू येते आणि थांबते. तो ब्लोअर नसून झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दात तुटलेले असतात, आणि झडप अर्धवट अडकल्याने त्या गाडीतही हवा कमी येऊ शकते.

नॉब, बटणे आणि खिडकी यांच्या साहाय्याने वाट तपासणे

एकही स्क्रू न काढता होणाऱ्या या चाचण्या घाईत उरकू नयेत. पुढचा खर्च त्यांच्यावर ठरतो. मधल्या व्हेंटसमोर पातळ टिश्यू पेपरची एक पट्टी वीतभर अंतरावर धरावी आणि ती प्रत्येक वेगावर किती उडते ते पाहावे. शक्य असल्यास त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी करून तुलना करावी, कारण हवेचा जोर आठवणीतून मोजता येत नाही.

चारपैकी पहिले तीन वेग बंद आणि फक्त चौथा चालू असेल, तर रेझिस्टर गेला आहे. कमी वेगांसाठी वीज रेझिस्टरच्या वेटोळ्यांतून जाते, तर पूर्ण वेगावर तो वगळला जातो. चारही वेग बंद असतील तर फ्यूज, रिले (मोटरची वीज जोडणारा विद्युत स्विच), नॉबमागचा स्विच किंवा मोटर. वेग सगळे चालतात पण तीन आणि चार यांत फरकच जाणवत नाही, अशी स्थिती असेल तर चौथ्या वेगाच्या वाटेत कुठेतरी वीज अडते आहे, किंवा हवाच इतकी तुंबली आहे की वेग वाढून उपयोग होत नाही.

आता रिसर्क्युलेशन चालू-बंद करून पाहावे. आतली हवा फिरवताना जोर चांगला आणि बाहेरच्या हवेवर कमी, असे असेल तर दोष काचेखालच्या जाळीपाशी किंवा तिच्या लगेच आत आहे. दोन्हीकडे सारखाच कमी असेल तर दोन्ही वाटा जिथे एक होतात त्याच्या पुढे शोधावे : फिल्टर, पंखा, मोटर, कॉइल. बाहेरची हवा चालू ठेवून मागची एक खिडकी चार बोटे उघडावी. खिडकी उघडताच व्हेंटमधला जोर स्पष्ट वाढला, तर हवा आत येण्यात नव्हे, बाहेर पडण्यात अडचण आहे; मागच्या बंपरआडच्या खिडक्या चिखलाने, बसवलेल्या मॅटिंगने किंवा डिकीतल्या सामानाने बंद झालेल्या असतात. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, तरी ती क्वचितच केली जाते याचे मला वाईट वाटते, कारण अशा गाड्यांच्या मोटरी विनाकारण बदलल्या जातात.

शेवटी मोड फिरवून तोंडाकडे, पायांकडे आणि काचेकडे हवा जाते का ते हाताने पाहावे. तोंडाचा मोड असताना पायांशीही जोरात हवा येत असेल तर झडपेची केबल निसटली आहे. हवा कमी नाही, ती वाटली गेली आहे.

फिल्टर आणि वायपरखालची जाळी

बहुतेक छोट्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि मागे फिल्टरचे आडवे झाकण दिसते. फिल्टर ओढण्यापूर्वी त्यावरच्या बाणाची दिशा पाहून फोटो काढून ठेवावा. मग तो उजेडासमोर धरावा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर तो झटकून परत बसवण्यात अर्थ नाही. कागदी फिल्टर धुतला तर त्याच्या घड्या चिकटतात आणि हवा आणखी अडते. साधारण १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा फिल्टर बदलावा. कोकणातल्या तांबड्या धुळीत, खडीच्या रस्त्यांवर किंवा ऊस पेटवून तोडणीच्या हंगामात उडणाऱ्या काजळीत फिरणाऱ्या गाडीला निम्म्या अंतरातच गरज पडू शकते.

निदानासाठी येथे एक सोपी युक्ती आहे. फिल्टर पूर्ण काढून, झाकण परत लावून, ब्लोअर एक मिनिटभर चालवावा. हवा लगेच वाढली आणि आवाज खाली आला तर दोष सापडला. काहीच फरक पडला नाही तर फिल्टर निर्दोष आहे आणि पुढे जावे. फिल्टरशिवाय गाडी चालवत राहू नये. तसे केल्यास धूळ थेट ओल्या कॉइलवर बसते आणि शंभर-दोनशे रुपयांची टाळाटाळ मोठ्या कामात बदलते. काही जुन्या आणि स्वस्त गाड्यांत कंपनीकडून फिल्टर दिलेलाच नसतो, जागा मात्र असते. अशा गाडीत हवा कमी असेल तर कॉइल तुंबल्याची शक्यता बरीच वाढते. नवा फिल्टर बसवल्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल, तर त्यावरची प्लास्टिकची पिशवी काढली होती का, फिल्टर उलटा बसला का, किंवा आत जुना फिल्टर राहून पुढे नवा घातला गेला का, हेही पाहावे. या तिन्ही गोष्टी घडतात.

बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीवरची पाने हाताने उचलावीत. पाण्याच्या फवाऱ्याने ती आत ढकलू नयेत. तेथील पाणी वाहून जाण्याची भोके बंद असतील तर पावसाळ्यात पाणी साचून ब्लोअरच्या घरात उतरते, आणि बुश गंजण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

फिल्टर कुरतडलेला, कापसाचा गोळा झालेला किंवा लेंड्यांनी भरलेला दिसला तर उंदीर आत आला आहे. इथे घाई नको. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात तो परिचित आजार आहे. रबरी हातमोजे आणि मास्क घालावा, घाण जंतुनाशकाच्या पाण्याने ओली करून मग उचलावी, आणि कोरडी असताना ब्लोअर चालवू नये किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. गाडी उभी करताना रिसर्क्युलेशन चालू ठेवून बंद केली तर बऱ्याच गाड्यांत झडप बाहेरची वाट बंद करून ठेवते आणि उंदराला ब्लोअरपर्यंत पोचणे अवघड होते.

मोटर आणि पंखा बाहेर काढणे

आता चावी काढून घ्यावी, बॅटरीची ऋण बाजू सोडावी आणि काही मिनिटे थांबावे, कारण याच भागात प्रवाशाची एअरबॅग असते. पिवळ्या रंगाच्या वायरी किंवा कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट) यांना हात लावू नये. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी वायरी उच्च दाबाच्या असतात. त्या जिथे दिसतील तिथे मालकाने काम थांबवून प्रशिक्षित माणसाकडे जावे.

ग्लोव्ह बॉक्सच्या खाली, पायांच्या जागेत आडवे होऊन वर पाहिले की ब्लोअरच्या मोटरची गोल बैठक दिसते. कपलर काढावा, मोटरला थंड ठेवणारी छोटी रबरी नळी असल्यास ती कुठे बसते ते पाहून सोडावी, आणि स्क्रू, जे अनेक गाड्यांत तीन असतात, काढून मोटर पंख्यासह खाली घ्यावी. खाली वर्तमानपत्र पसरावे. पाने, धूळ आणि कधी नाणीही पडतात.

पंखा बोटाने फिरवावा. चुंबकांमुळे हलके हलके टप्पे जाणवणे नैसर्गिक आहे, पण तो मोकळा फिरून थोडा घरंगळत थांबला पाहिजे. लगेच अडत असेल तर बुश जड झाला आहे. पंखा बाजूला हलवून पाहावा : डावी-उजवीकडे स्पष्ट डुलत असेल तर बुश झिजला आहे. आसाच्या दिशेने किंचित सरकणे मात्र दोष नाही. मोटरचा आस एका हाताने धरता येत असेल तर पंखा त्यावर निसटून फिरतो का हेही तपासावे. मधला प्लास्टिकचा भाग तडकला की मोटर फिरते आणि पंखा मागे राहतो, आणि आवाज व कमी हवा ही जोडी नेमकी याने होते. घराच्या आतल्या भिंतीवर चकचकीत गोल रेघ असेल तर पंखा तिथे घासत होता.

पंख्याच्या पात्यांमध्ये धूळ सारखी बसत नाही. एका बाजूला जाड थर बसला की तोल जातो. मऊ ब्रशने प्रत्येक पात्याची खाच स्वच्छ करावी. पात्यांवर एखादी छोटी धातूची क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नये, ती तोलासाठी कारखान्यात बसवलेली असते. पंखा आसावरून ओढून काढण्याचा मोह टाळावा, कारण जुने प्लास्टिक तडकते.

सुकलेल्या बुशला तेल द्यावे का, हा प्रश्न नेहमी येतो. हलक्या मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब बुशच्या टोकाशी दिले तर चीं-चीं काही काळ थांबते, आणि नवी मोटर मिळेपर्यंत एवढे करणे योग्य आहे. त्याहून जास्त तेल आत उतरून मोटरला आत वीज पोचवणाऱ्या कार्बनवर आणि त्याखालच्या तांब्याच्या पट्ट्यांवर गेले तर काजळीचा चिखल होतो व मोटर लवकर जाते. गंज सोडवणारे स्प्रे वंगण म्हणून वापरू नयेत. ते बुशमध्ये उरलेले तेलही धुऊन काढतात. डुलणाऱ्या आसाला तर तेलाचा काहीच उपयोग नाही, तिथे मोटर बदलणे हाच उपाय आहे.

वीज मोजणे

मोटर स्वच्छ आणि मोकळी असूनही पंखा थकल्यासारखा फिरत असेल, तर तिला वीज किती मिळते ते पाहावे. साध्या मल्टिमीटरने व्होल्ट मोजता येतात, पण त्याची प्रवाहाची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते आणि ब्लोअर त्यापुढे जातो. म्हणून प्रवाहासाठी बॅटरीचा, म्हणजे डीसी, प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटरच (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर) वापरावा. स्वस्त क्लॅम्प मीटर अनेकदा फक्त घरगुती विजेसारखा दिशा बदलणारा (एसी) प्रवाह मोजतात, तेव्हा घेताना हे तपासावे.

मोटर जागेवर बसवून, कपलर जोडलेला ठेवून, बॅटरी परत जोडून आणि इंजिन सुरू करून ब्लोअर चौथ्या वेगावर चालवावा. मीटरच्या सुया कपलरच्या मागच्या बाजूने वायरींच्या बुडाशी टेकवाव्यात. कपलर काढून मोजलेले व्होल्ट फसवतात, कारण प्रवाह वाहत नसताना खराब जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास असताना मोटरवर त्याहून एखाद्या व्होल्टपेक्षा जास्त कमी मिळत असतील, तर वाटेत दोष आहे. तो कोणत्या बाजूला आहे हे कळण्यासाठी एक सुई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी मोटरच्या धन वायरीवर ठेवावी. मग तसेच ऋण बाजूला करावे. एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या बाजूचा फ्यूजचा पाय, रिले, स्विच, कपलर किंवा अर्थिंगचा बोल्ट तपासावा. अर्धा व्होल्ट क्षुल्लक वाटतो, पण १५ अँपिअर प्रवाहात एकाच जोडावर तो साडेसात वॅट उष्णता निर्माण करतो, आणि एवढ्याने कपलरचे प्लास्टिक पिवळे पडून वितळते. हे मोजमाप पूर्ण वेगावरच करावे. अनेक गाड्यांत रेझिस्टर अर्थच्या बाजूला असतो, त्यामुळे कमी वेगांवर दिसणारा मोठा फरक हा दोष नसून त्याचे नेहमीचे काम असते.

व्होल्ट आणि प्रवाह यांचे आकडे एकत्र वाचले की उत्तर बहुतेक वेळा स्वतःच पुढे येते. व्होल्ट कमी : वायरिंग किंवा जोड. व्होल्ट पुरेसे आणि प्रवाह नेहमीपेक्षा जास्त, पंखा मंद : मोटर जड झाली. व्होल्ट पुरेसे, प्रवाह कमी आणि पंखा चढ्या आवाजात फिरतो : हवेची वाट तुंबली. व्होल्ट पुरेसे, प्रवाह कमी आणि पंखाही मंद : मोटरचे कार्बन झिजले. मोटर बाहेर काढून मोकळ्या हवेत चालवून मात्र प्रवाह मोजू नये, कारण हवा मोकळी सापडल्याने हा पंखा घरात असतो त्याहून जास्त प्रवाह ओढतो आणि निष्कर्ष चुकतो.

रेझिस्टर जळालेला आढळला तर तो बदलून थांबू नये. तो मुद्दाम हवेच्या प्रवाहात बसवलेला असतो, कारण त्याची उष्णता ब्लोअरच्या हवेनेच जाते. हवा अडली किंवा मोटर जड झाली की त्यातला उष्णतेचा फ्यूज उडतो. कारण तसेच ठेवले तर नवा रेझिस्टरही त्याच वाटेने जाईल.

कूलिंग कॉइल : तुंबलेली की गोठलेली

इथपर्यंत सगळे ठीक असेल तर कॉइल उरते. मोटर किंवा रेझिस्टर काढल्यावर राहणाऱ्या भोकातून, मोबाइलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा आत घालून कॉइलचे तोंड पाहता येते. हे उपकरण आता स्वस्त मिळते आणि डॅशबोर्ड उतरवण्याच्या निर्णयापूर्वी त्याचा वापर व्हावा असा माझा आग्रह आहे, कारण एकदा पूर्ण उतरवलेला डॅशबोर्ड परत बसल्यावर करकरू लागण्याची शक्यता असते. कॉइलच्या तोंडावर धुळीचे नमदे बसलेले दिसले तर कॉइल धुण्याच्या फोमने ती स्वच्छ करता येते. फवारणी रेझिस्टर आणि मोटर काढून ठेवूनच करावी आणि मळ कॉइलखालचे पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेनच्या नळीतून बाहेर पडतो आहे ना ते पाहावे. अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या वाकत असल्याने दाबाचे पाणी किंवा तारेचा ब्रश वर्ज्य. नमदा दगडासारखा घट्ट असेल तर कॉइल काढूनच काम होते, आणि त्यासाठी गॅसचा मार्ग उघडावा लागतो. ते यंत्रसामग्री असलेल्या दुकानाचेच काम आहे.

गोठलेल्या कॉइलची लक्षणे वेगळी आणि ओळखण्यास सोपी असतात. गाडी सुरू केल्यावर हवा उत्तम येते. अर्धा-पाऊण तास एसी चालल्यावर, विशेषतः दमट हवेत, ती हळूहळू कमी होते, ब्लोअर मात्र पूर्वीसारखाच किंवा थोडा चढा वाजत राहतो. एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवला की हवा परत येते आणि गाडीखाली भरपूर पाणी पडते. अशा वेळी मोटरला दोष देऊ नये. कॉइलचे तापमान शून्याखाली जाऊ न देणारा सेन्सर बिघडलेला असू शकतो, गॅस कमी असू शकतो, किंवा तुंबलेल्या फिल्टरमुळे कॉइलला पुरेशी उबदार हवाच मिळत नसते. गॅसचा दाब तपासण्याची वेळ येते ती इथे, तपासाच्या शेवटी. डाव्या आसनापुढचा पायांखालचा गालिचा ओला असेल किंवा वळणावर डॅशबोर्डात पाणी हिंदकळल्याचा आवाज येत असेल, तर ड्रेनची नळी बंद आहे. ती आधी मोकळी करावी, नाहीतर नव्या मोटरलाही तेच पाणी लागेल.

जोडणी आणि शेवटची चाचणी

नवी मोटर घेताना जुनी सोबत न्यावी, मग ते कंपनीचे स्पेअर पार्ट काउंटर असो, पुण्याची नाना पेठ असो की कुर्ल्याचा सीएसटी रोड. पंख्याचा व्यास, उंची, पात्यांचा कल आणि कपलरचा आकार हे चारही जुळले पाहिजेत. दिसायला सारखी पण विरुद्ध दिशेने फिरणारी मोटर बसू शकते, आणि कपलर कापून वायरी हाताने जोडल्या तर धन-ऋण उलटण्याचा धोका असतो. उलटा फिरणारा पिंजरा पंखाही हवा त्याच दिशेला ढकलतो, फक्त फार कमी; त्यामुळे चूक लक्षात न येता नव्या मोटरवरही हवा कमी असल्याची तक्रार उभी राहते.

पंखा हाताने फिरवून तो कुठे टेकत नाही याची खात्री करावी, मोटरला थंड ठेवणारी रबरी नळी विसरू नये, स्क्रू आळीपाळीने आवळावेत आणि नवा फिल्टर बाणाच्या दिशेने सरकवावा. मग इंजिन सुरू करून, एसी आणि रिसर्क्युलेशन चालू ठेवून ब्लोअर चौथ्या वेगावर पंधरा मिनिटे चालवावा. टिश्यूची पट्टी पुन्हा त्याच अंतरावर धरावी, चारही वेग आणि सर्व मोड पाहावेत, आणि मधल्या व्हेंटमध्ये तापमापक ठेवून नोंद घ्यावी. कडक उन्हातही निरोगी एसी तिथे साधारण ६ ते १२ अंश सेल्सिअस दाखवतो. त्यानंतर ब्लोअर बंद करून, चावी काढून, मोटर आणि रेझिस्टरच्या कपलरला बोट लावावे. कोमट असणे चालेल. बोट ठेववत नसेल, तर जोड अजून खराब आहे आणि ग्लोव्ह बॉक्स बसवण्यापूर्वीच तो कपलर बदलून घ्यावा.